जुना करार कशाला?

वसई, २७ एप्रिल २०२५

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "बायबलातला जुना करार तर ज्यूंचा. तुम्ही ख्रिस्ती तो कशाला सांभाळता?" तेव्हा हसण्यावारी नेलं. आता लिहितो.

तुझ्याआधी हा प्रश्न मार्सियननं काढला होता. काळ्या समुद्राकाठचा जहाजमालक. ज्यूंचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, असं म्हणून त्यानं जुना करार पुरता टाकला. नव्या करारातलंही लूकचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं सांगितलेली येशूची कथा, तेही छाटून, आणि प्रेषित पौलाची दहा पत्रं एवढंच ठेवलं. इ.स. १४४ मध्ये रोमच्या ख्रिस्तसभेनं त्यालाच बाहेर काढलं. त्याची भलीमोठी देणगीही परत केली म्हणे! आमच्या कॅथलिक बायबलात जुन्याची ४६ आणि नव्याची २७ पुस्तकं मिळून गोष्ट एकच. आपल्या मराठीत फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण रचलं (१६१६ साली छापलं गेलं), तेही येशूच्या जन्मापासून सुरू केलं नाही. अख्खं पहिलं पुराण जुन्या कराराला दिलं.

तू म्हणशील, देवानं सहा दिवसांत जग केलं, त्याचं काय? कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ सालीच सांगितलंय की लेखक कुठल्या प्रकारात लिहितोय ते आधी बघा. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय भूगर्भशास्त्र म्हणून वाचायचा नसतो. विषय संपला.

खरी गंमत ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात. जुन्या करारातली सात वाचनं असतात. वेळ नसेल तर तीनवर भागवता येतं, पण इस्राएल लोक तांबड्या समुद्रातून पार होतात ते वाचन गाळायचं नाही. त्याच रात्री बाप्तिस्मे होतात ना, पाण्यातून पार होण्याचे. आमच्याकडे दरवर्षी तीनच. पोरं पेंगतात म्हणे. माझी जुनी तक्रार आहे ही.

यंदा मात्र सातही झाली, आणि अब्राहामाचं वाचन माझ्याकडे आलं: देव त्याच्याकडे त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी मागतो ते. आमच्याकडे ग्लोरिया हे स्तुतिगीत येईपर्यंत दिवे बंदच असतात. उजेड मोबाइलच्या बॅटरीचा, अंगठ्यावर मघाच्या मेणबत्तीचं मेण सुकलेलं. बाप लाकडं पोराच्या पाठीवर देतो. पोरगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठंय? तिथं माझा आवाज अडकला. घरी सोळा वर्षांचा मुलगा आहे रे. स्वतःच्या होमाची लाकडं वाहणाऱ्या त्या पोरात पहिल्या शतकांपासून ख्रिस्ती लोकांना क्रूस वाहणारा येशू दिसत आलाय. मलाही दिसतो. पण बाप सुरी उचलतो ते आजही पचत नाही, आणि ख्रिस्तसभा ते सोपं करूनही देत नाही.

घरी आल्यावर मुलानं बायबल काढलं. म्हणाला, "बाबा, डोंगरावरून परत येताना फक्त अब्राहामाचं नाव आहे. इसहाक कुठाय?" मी चष्मा लावून पाहिलं. खरंच नाही.

रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो. तुला काय वाटतं, कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जॉन