बकनरचा हिशोब

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय विन्या,

तीन महिने ना पत्र ना फोन. चूक माझीच. पण तू बेसबॉलच्या त्या जुन्या फायनलबद्दल "बोस्टनच्या बकनरनं मॅच घालवली" म्हणालास आणि माझं डोकं फिरलं. राग उतरलाय, मुद्दा उतरलेला नाही. तब्येत ठीक, गोळ्या चालू आहेत.

आता ऐक. २५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, बोस्टन रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क मेट्स. बोस्टन ३-२ नं पुढे, ही जिंकली की १९१८पासूनचा विजेतेपदाचा दुष्काळ संपला. तू पडलास मेट्सवाला, तुला शेवटचे दहा सेकंदच पाठ.

नऊ इनिंगनंतर ३-३. जादा दहाव्या इनिंगमध्ये हेंडरसनचा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर), बॉग्जचा डबल (दोन बेसचा फटका), बॅरेटचा सिंगल (एका बेसचा), बोस्टन ५-३. मग बोस्टनचा पिचर (चेंडू टाकणारा) शिराल्डी, त्यानं मेट्सच्या बॅकमन आणि हर्नांडेझ दोघांनाही झेलबाद करवलं. दोन आउट, तिसरा पडला की खेळ संपला, बेस रिकामे. स्कोअरबोर्डवर क्षणभर रेड सॉक्सचं अभिनंदनही झळकलं. बाजारात तुरी, दुसरं काय!

कार्टरचा सिंगल. मिचेलचा सिंगल. नाइटवर दोन स्ट्राइक (तिसरी पडली की आउट), बॉल (न मारलेला बाहेरचा चेंडू) एकही नाही. आणखी एक स्ट्राइक पडली असती तर खेळ खलास. त्यानं सिंगल मारला, कार्टर घरी (होम बेसवर, म्हणजे एक धाव), ५-४, मिचेल तिसऱ्या बेसवर. शिराल्डीला काढून स्टॅन्लीला आणलं. समोर मूकी विल्सन.

इथे नीट बघ. सातवा चेंडू, काउंट २-२ (दोन बॉल, दोन स्ट्राइक), म्हणजे बोस्टन पुन्हा एका स्ट्राइकवर. चेंडू आत, विल्सनच्या पायांकडे आला. तो उडी मारून वाचला, कॅचर गेडमनला चेंडू अडवता आला नाही. मिचेल घरी, नाइट दुसऱ्या बेसवर, ५-५. बरोबरी झाली तेव्हा बकनरनं चेंडूला हातही लावला नव्हता! स्कोअरबुकात ते वाइल्ड पिच आहे, म्हणजे दोष स्टॅन्लीचा. साध्या प्रयत्नात गेडमनला अडवता आला असता असं स्कोअररला वाटलं असतं तर तो पास्ड बॉल झाला असता, गेडमनच्या नावावर. दिघे सर असते तर "बाय की वाइड" म्हणत दोन चहा संपवले असते.

आता तुझा तो दहावा चेंडू. विल्सन दोन्ही हातांनी खेळणारा. स्टॅन्ली उजव्या हाताचा, म्हणून तो डावखुरा उभा, पहिल्या बेसला एक-दोन पावलं जवळ, आणि पळायला वारा. बकनर पहिल्या बेसच्या मागे, घोटे कामातून गेलेले. विल्सनचा फटका त्याच्याकडे सरपटत आला. ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) घेताना ग्लोव्ह आधी जमिनीला टेकवायचा आणि चेंडूबरोबर वर आणायचा. वरून खाली न्यायला वेळ मिळत नाही. शेवटचा टप्पा उसळलाच नाही, ग्लोव्ह वर राहिला, चेंडू पायांमधून गेला. नाइट घरी, ६-५. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, म्हणून नोंद ई-३ (ई म्हणजे एरर). चूक आहेच, मी नाही म्हणत नाही. पण अडवला असता तरी विल्सनच्या आधी बेसवर पोचायचं किंवा धावत येणाऱ्या स्टॅन्लीकडे द्यायचं होतं. तेही जमलं असतं तर काय? अकरावी इनिंग. कप नव्हे.

आणि बोस्टनचा मॅनेजर मॅकनामारा? बोस्टननं जिंकलेल्या तिन्ही मॅचमध्ये शेवटी बकनरच्या जागी स्टेपलटनला उभं केलं होतं. त्या रात्री नाही. आठव्यात तर बेस भरलेले, दोन आउट, समोर मेट्सचा डावखुरा पिचर ओरोस्को, डावखुऱ्या बॅटरला जड जाणारा. डावखुऱ्या बकनरलाच ठेवलं, उजव्या हाताचा बेलर बाकावर. सेंटर फील्डला झेल. या चुकीला स्कोअरबुकात रकानाच नाही!

शिवाय मध्ये एक दिवस पाऊस, मग सातवी मॅच. तीतही बोस्टन ३-०नं पुढे होतं, हरलं ८-५. ती कुणाच्या पायांतून गेली?

तुझं हे जुनंच आहे म्हणा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शारजात मियांदादनं शेवटच्या चेंडूवर सिक्स मारली, तेव्हापासून तू चेतन शर्माला शिव्या घालतोस. बाकीच्यांनी टाकलेल्या षटकांचं काय ते विचारलं की विषय बदलतोस. वसूअण्णाच्या ओट्यावर झालेलं भांडण मी विसरलेलो नाही, आणि माझी छत्री अजून तुझ्याकडेच आहे.

बकनरच्या नावावर २७१५ हिट्स, १९८०चं नॅशनल लीगचं बॅटिंग विजेतेपद. १९८७च्या जुलैत बोस्टननं त्याला सोडलं. २०१९मध्ये गेला. क्लिप मात्र तेवढीच फिरते.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? ऋचाला नोकरी लागली म्हणे, तिला शाबासकी. घराचा हप्ता संपला का? सविस्तर लिही, नाहीतर फोन कर. मी उचलीन.

तुझा,
बंडू

ता. क. अकरावी इनिंग झाली असती तर बोस्टनकडून पहिला बॅटिंगला आला असता ड्वाइट एव्हन्स. ८ एप्रिल २००८ला फेनवे पार्कवर बकनरला मोसमातल्या घरच्या पहिल्या मॅचची मानाची पहिली पिच टाकायला बोलावलं, सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, त्याला डोळे पुसावे लागले. तो चेंडू झेलला एव्हन्सनंच.