शेवरोले ३१०० पिकअपच्या डिस्क ब्रेक किटमधील धोकादायक दोषांबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक किट व दुहेरी मास्टर सिलिंडर सदोष असल्याबाबत, आणि हे किट घेतलेल्या सर्व ग्राहकांना तातडीने कळवण्याबाबत

महोदय,

१९५१च्या शेवरोले ३१०० पिकअपसाठी आपल्या कंपनीचे वरील किट घेतले. पैसे पूर्ण आगाऊ भरले आहेत, पावतीची प्रत सोबत आहे. किट बसवून झाले, पण गाडी स्टँडवरच उभी आहे आणि या ब्रेकवर ती फाटकाबाहेर काढणे धोक्याचे आहे. आपल्या सेवा विभागाचे प्रत्येक वेळी एकच उत्तर येते : लाइनमध्ये हवा आहे, पुन्हा ब्लीड करा, म्हणजे पाइपांतली हवा काढा. लाइनमध्ये हवा नाही. दोष किटच्या रचनेतच आहे. तो कुठे आहे आणि का आहे, ते मोजमापांसह लिहीत आहे. कृपया हे पत्र आपल्या डिझाइन विभागातल्या, हातात व्हर्निअर धरणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवावे.

सर्वात गंभीर गोष्ट आधी. या गाडीचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग, बॉनेटखाली नसतो. तो केबिनच्या तळाखाली, चासीला लागून असतो. ऑइल बघायचे तर पायाखालचे छोटे झाकण काढावे लागते. आपला नवा सिलिंडरही तिथेच बसतो. म्हणजे त्यातल्या ऑइलची पातळी पुढच्या कॅलिपरपेक्षा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापेक्षा) खाली राहते. गाडी उभी राहिली की ऑइल कॅलिपरमधून हळूहळू टाकीकडे उतरते, पिस्टन किंचित मागे सरकतात आणि पुढच्या वेळी पहिला दाब ही पोकळी भरण्यातच जातो. हे टाळण्यासाठी तळाखाली सिलिंडर असलेल्या गाडीत डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब टिकवून ठेवणारा व्हॉल्व्ह, लावावाच लागतो. ड्रमच्या लाइनला तो सुमारे १० पीएसआयचा असतो, कारण तिथे लाइनरच्या स्प्रिंगा ऑइल मागे ढकलत असतात. आपल्या किटच्या यादीत पुढच्या लाइनच्या व्हॉल्व्हचा उल्लेखच नाही.

हे हवेमुळे होत नाही याची खात्री कशी करायची, तेही सांगतो. हवा असेल तर पेडल स्पंजासारखे दबते आणि गाडी किती वेळ उभी होती याच्याशी त्याचा संबंध नसतो. इथे रात्रभर उभ्या गाडीचे पेडल पहिल्या दाबाला जवळजवळ तळाला जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येते आणि दगडासारखे घट्ट लागते. लागोपाठ दाबत राहिले तर घट्टच राहते. तासाभराने पुन्हा पहिला दाब खाली. कुठे गळतीचा थेंब नाही, टाकीतली पातळी कमी होत नाही. ही व्हॉल्व्ह नसल्याची सरळ खूण आहे.

हे लेखी कळवल्यावर आपण व्हॉल्व्ह पाठवला, पण तो १० पीएसआयचा! त्याच्या अंगावरच तसे कोरलेले आहे. तो पुढच्या लाइनला लावला की पॅड डिस्कला धरून राहतात. चाक हाताने जोरात फिरवून सोडले तर अर्धा फेराही घेत नाही. असे ब्रेक घेऊन कोणी खंबाटकी उतरायला घेतला, तर पॅड सतत घासून तापतील, ती उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत जाईल, ऑइल उकळून वाफ होईल आणि पेडल खरोखरच तळाला जाईल. दोष दाखवून दिल्यावर त्याहून घातक भाग पाठवला जातो, याचा अर्थ पाठवण्यापूर्वी तो कोणी पाहतच नाही.

दुसरा दोष मास्टर सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा. आपण दिलेला सिलिंडर सव्वा इंचाला एक सूत (१/८ इंच) कमी, म्हणजे २८.६ मिमीचा आहे. हा व्यास बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे यंत्र) असलेल्या गाडीचा. या किटमध्ये बूस्टर नाही, आणि जाहिरातीतही 'बूस्टरची गरज नाही' असे ठळक छापले आहे. हिशेब सोपा आहे. पेडलचे गुणोत्तर ६ धरले आणि पायाचा जोर ३० किलो धरला, तर पिस्टनवर १८० किलो येतात. एक इंची सिलिंडरचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंमी. दाब सुमारे ३५.५ किलो प्रति चौ. सेंमी. आपल्या सिलिंडरचे ६.४१, दाब २८. तेवढाच जोर लावून दाब २१ टक्क्यांनी कमी. शिवाय १९५१पासून या गाडीला आलेल्या बेंडिक्स ड्रममध्ये लाइनर फिरत्या ड्रमसोबत स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे कमी दाबात काम भागते. डिस्कला ही मदत नसते, तिला दाब जास्तच लागतो. म्हणजे जिथे दाब वाढवायला हवा होता, तिथेच तो कमी केला आहे. पैसे मोजून बसवलेले डिस्क ब्रेक नीट लावलेल्या जुन्या ड्रमपेक्षा उशिरा थांबवतील, हे कोणत्याही ग्राहकाला मान्य होणार नाही.

ही गाडी पळवण्यासाठी कोणी डिस्क लावत नाही. २१६ घन इंचाचे ते सहा सिलिंडरचे इंजिन, बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडच्या टोकाच्या पळीने उडवलेल्या ऑइलवर चालणारे. मागचा गिअर ४.११चा. ताशी सत्तरच्या वर नेऊन त्याला त्रास देऊच नये. डिस्क लावायची ती आजच्या गर्दीत पुढची गाडी अचानक थांबली तर दीड टनाचे हे वाहन सरळ रेषेत थांबावे म्हणून, आणि एक लाइन फुटली तरी दुसरी उरावी म्हणून. मूळ गाडीत एकच लाइन असते. ती गेली की चारही चाके गेली. दुहेरी सिलिंडरची कल्पना म्हणूनच अगदी योग्य आहे. राग येतो तो यासाठी की योग्य कल्पना इतक्या निष्काळजीपणे विकली जाते.

आता आटे. किटमधल्या ब्रेक पाइपचे नट ३/८ इंच, २४ आट्यांचे, म्हणजे तीन सुती आहेत. किटमधल्याच कॅलिपरच्या होजचे तोंड एम १० × १ आहे. तीन सूत म्हणजे ९.५३ मिमी, भोक १० मिमीचे. आट्यांचे अंतर १.०६ मिमी विरुद्ध १.००. फरक इतका कमी की नट बोटाने छान आत जातो आणि बसवणाऱ्याला वाटते, जमले. पण आटे फक्त टोकाला धरतात. पाना लावून आवळले की एक तर आटे उडतात, नाहीतर तात्पुरते धरून जोरदार ब्रेक मारल्यावर सुटतात. भरीस भर, पाइपांची टोके ४५ अंशांच्या दुहेरी फ्लेअरची (कर्ण्यासारखी फुलवलेली) आणि होजची बैठक बबल फ्लेअरची (फुग्यासारख्या टोकासाठीची). ही दोन टोके एकमेकांवर कधीच सील होत नाहीत, कितीही आवळा. हा दोष गाडीच्या वयाचा नाही. आपल्या एकाच खोक्यातल्या दोन वस्तू एकमेकींना बसत नाहीत.

उजव्या बाजूची डिस्क वाकडी आहे. हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) चेहरा लेथवर तपासून घेतला, तो ०.०२ मिमीच्या आत आहे. डायल गेजवर (वाकडेपणा मोजणाऱ्या उपकरणावर) डावी डिस्क ०.०७ मिमी दाखवते, उजवी ०.२४. ०.१०च्या वर डिस्क लावूच नये. डिस्कांची अदलाबदल केली तर ०.२४चा आकडा डिस्कबरोबर डावीकडे गेला, म्हणजे दोष हबचा किंवा स्पिंडलचा नाही. अशी डिस्क फिरताना पॅडला प्रत्येक फेऱ्यात मागे ढकलते. चालत्या गाडीत पेडल लांब जाते, पायाला धडधड जाणवते आणि पॅड तिरके झिजतात. उभ्या गाडीत व्हॉल्व्हमुळे पेडल खाली जाते, चालत्या गाडीत डिस्कमुळे जाईल. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि ब्लीड करून दोन्ही बरी होत नाहीत.

हबबद्दल आपल्या पत्रकात 'जुने स्टड हातोडीने ठोकून काढा' एवढे एकच वाक्य आहे. जुन्या हबमध्ये स्टडचा (चाकाचा नट ज्यावर बसतो त्या बोल्टचा) खांदा ड्रमवर ठोकून फुलवलेला असतो. तो फुलवलेला भाग आधी कटरने काढल्याशिवाय स्टड ठोकला तर हबचे भोक मोठे होते किंवा त्याची कड फाटते, आणि नवा स्टड त्यात कधीच घट्ट बसत नाही. असे हब बाजारात सहज मिळत नाहीत. पत्रकावर विश्वास ठेवून काम करणाऱ्याचे न भरून येणारे नुकसान या एका वाक्याने होऊ शकते.

बेअरिंगचेही तसेच. मूळ गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी आपण टेपर रोलर दिले आहेत. बदल चांगला आहे. पण पत्रकात नट आवळण्याची पद्धत गोळ्यांच्या बेअरिंगचीच आहे, ज्यांना थोडा ताण देऊन बसवतात. टेपर रोलरला ०.०३ ते ०.१२ मिमी मोकळीक हवी. चाक फिरवत नट आवळायचा, मग सोडून हलका टेकवायचा आणि स्प्लिट पिनच्या जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्यायचा. आपल्या पद्धतीने ग्रीस जळेल. ब्रेक ऑइलबाबत 'डॉट ३, ४ किंवा ५ कोणतेही घाला' असे छापले आहे, ते ताबडतोब बदला. डॉट ५ सिलिकोनचे असते, ते बाकीच्या दोघांत मिसळत नाही.

कॅलिपरच्या ब्रॅकेटचे बोल्ट बिनखुणेचे आहेत. ब्रेकचा सगळा झटका ज्या बोल्टवर येतो त्याच्या डोक्यावर १०.९ किंवा निदान ८.८ हा दर्जा कोरलेला असायलाच हवा. खूण नसलेला बोल्ट कुठल्या पोलादाचा, हे बसवणाऱ्याने कसे ओळखायचे?

शेवटी 'काहीही न कापता, फक्त नटबोल्टने बसते' या आपल्या दाव्याबद्दल. मास्टर सिलिंडरचे ब्रॅकेट डाव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी काढलेल्या नकाशावरून केलेले दिसते. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९५४मध्ये बंद होईपर्यंत इथल्या रस्त्यांसाठी गाड्या उभ्या राहिल्या त्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. उजव्या दांड्यावर आपल्या ब्रॅकेटची कड उलटी येते, आणि त्यावर आपल्या पत्रकातला उपाय असा की चासीच्या खालच्या पट्टीत ४० मिमीची खाच ग्राइंडरने काढा. चासीचा दांडा वाकतो तेव्हा सर्वात जास्त ताण वरच्या आणि खालच्या पट्टीवरच येतो. भोक पाडायचेच तर ते मधल्या उभ्या भागात, पट्टीत कधीच नाही. त्या खाचेपासून तडा सुरू होणार, विशेषतः हौद्यात माल भरल्यावर. शिवाय ५०हून अधिक वर्षे जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवण्यासाठी २०२१पासून जे नियम आहेत, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा अशी अट आहे. तुमचे किट बसवण्यासाठी चासी कापणारा ग्राहक ती नोंदणीही धोक्यात घालतो. मी चासी कापलेली नाही, कापणारही नाही. जाहिरातीत आरटीओ मान्यतेचा शिक्काही आहे. ती मान्यता कोणत्या कागदावर आहे, त्याची प्रत द्यावी.

माझ्या मागण्या अशा. हे किट परत घ्यावे आणि पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. किंवा एक इंची सिलिंडर, २ पीएसआयचा व्हॉल्व्ह, एकाच मापाचे पाइप व होज, तपासणीचा आकडा लिहिलेली उजवी डिस्क, दर्जा कोरलेले बोल्ट आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी केलेले ब्रॅकेट आपल्या खर्चाने द्यावे. यापैकी काय करणार ते १५ दिवसांत लेखी कळवावे.

पण पैशांपेक्षा महत्त्वाची मागणी दुसरी आहे. हे किट आपण ज्यांना ज्यांना विकले, त्या प्रत्येकाला फोन करून गाडी बाहेर न काढण्यास सांगावे, आणि दोष दूर होईपर्यंत विक्री थांबवावी. आपल्याकडे सर्वांचे पत्ते आहेत. घराच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी गाडी उभी करणारे लोक आपल्या पत्रकावर शब्दशः विसंबतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे डायल गेज असेलच असे नाही. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष उत्पादन आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सर्व भाग जसे आले तसे जपून ठेवले आहेत. आपला तंत्रज्ञ येणार असेल तर त्याने स्वतःचे डायल गेज आणि आट्यांचे गेज घेऊन यावे, सगळी मोजमापे त्याच्यासमोर पुन्हा घेता येतील.

कळावे,

आपला ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, जाहिरातीची व बसवण्याच्या पत्रकाची प्रत, डायल गेजच्या वाचनांची छायाचित्रे, १० पीएसआय कोरलेल्या व्हॉल्व्हचे छायाचित्र, आजवरचा पत्रव्यवहार