हळद-दुधानं कोलायटिस जात नाही

संपादक साहेब, सांगलीत कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होण्याचं जुनाट दुखणं) झालाय म्हटलं की लगेच सल्ले सुरू, रोज हळद-दूध प्या, आपल्या गावचीच हळद आहे, आणि गोळ्या बंद करा म्हणे! अहो, मनानं गोळ्या सोडल्या की दुखणं परत उसळतं, पथ्यानं फारतर त्रास आटोक्यात राहतो. आमच्या भावाला पोट बिघडलं की भडंग, मिसळ, कच्ची कोशिंबीर बंद, मऊ भात, मुगाचं वरण, साल काढून शिजवलेला दुधी एवढंच, दूध एकाला बाधतं दुसऱ्याला नाही म्हणून काय खाल्लं नि काय झालं ते वहीत लिहायचं. बरं वाटल्यावर मात्र भाज्या-फळं हळूहळू सुरू करावीत, नाहीतर माणूस नुसता वाळतो. आणि पंगतीत आग्रह करणाऱ्यांनी जरा दमानं घ्या की!

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली