तारीख लांबली म्हणून शिव्या कशाला?

मा. संपादक,
स. न.

रॉकस्टार कंपनीचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ हा व्हिडिओ गेम पुन्हा लांबल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. आधीचा भाग २०१३ चा. बातमीचा सगळा भर चाहत्यांच्या निराशेवर होता. नंदनवनला माझं गेमिंग पार्लर आहे, त्यामुळे ती निराशा मी रोज ऐकतो. “काका, बयताड समजतात काय हे आपल्याले?” असं विचारत पोट्टे येतात आणि मोबाईलवर कंपनीला घाण शिव्या टाईप करतात. (हा गेम मोठ्यांसाठीचा आहे. अठराच्या आतल्या मुलाला मी आधीचा भागही लावून देत नाही, शंका आली तर आधार कार्ड मागतो.)

नुकसान माझंही आहे. मे म्हणजे आमचा सीझन. पारा पंचेचाळीसवर गेला की पोट्टे मैदान सोडून कूलरपुढे येऊन बसतात. त्या हिशेबाने मी ‘प्लेस्टेशन ५’ ही गेम खेळायची दोन यंत्रं हप्त्यावर घेतली. आता गेम येणार ऐन हिवाळी परीक्षांच्या दिवसांत, हप्ते मात्र सुरूच राहतील. तरीही तारीख पुढे गेली हे बरं झालं असंच मला वाटतं, आणि ते माझ्या पुतणीमुळे.

ती बेंगळुरूच्या एका स्टुडिओत थ्रीडी आर्टिस्ट आहे. बाहेरच्या कंपन्यांच्या गेमसाठी भिंती, दारं, पत्रे, कचऱ्याचे डबे बनवते. कोणत्या गेमसाठी, ते घरातही सांगत नाही, करारावर सही आहे. गेल्या वर्षी जुलैत घरी आली तेव्हा गच्चीवरच्या आमच्या जुन्या कूलरपाशी तासभर बसून होती. आभाळ भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि तिला तेच हवं होतं. सावली पडली की फोटो वाया जातो म्हणे. सरावासाठी तिने कूलरच्या पत्र्याचे दोनशेच्या वर फोटो काढले, प्रत्येकात आधीच्या फोटोचा बराचसा भाग परत येईल असे. माप कळावं म्हणून पत्र्याला स्टीलची पट्टी टेकवून ठेवली होती. रात्री ते फोटो जोडून लॅपटॉपवर तो पत्रा उभा राहिला. पाणी साचून खालच्या कडेला चढलेला गंज, निळ्या रंगाचे सुटलेले पापुद्रे, माझ्या भावाने कधीकाळी मारलेलं वाकडं रिव्हेटसुद्धा. मी म्हटलं, झालं की! ती म्हणाली, “काका, आता तर सुरुवात आहे.”

तो पत्रा लाखो बारीक त्रिकोणांचा होता, एवढा भार गेममध्ये चालत नाही. तोच आकार काही शे त्रिकोणांत बसवायचा, आणि गंजाचा उंचसखलपणा वेगळ्या चित्रात उतरवून त्यावर चढवायचा. मग उजेड पडला की सपाट पत्राही खडबडीत दिसतो. एका पत्र्याला तिचे चार दिवस गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये याच गेमच्या नव्वदच्या आसपास अर्धवट चित्रफिती चोरीला जाऊन बाहेर आल्या, तेव्हा माझ्या पार्लरमधले पोट्टे पोट धरून हसले होते. सेंट्रिंगच्या फळ्या पाहून घराला नावं ठेवण्यातला तो प्रकार होता, हे मला त्या रात्री कळलं.

चार दिवसांचं काम दोन दिवसांत करा असं वरून आलं की काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. २०२३ च्या दिवाळीनंतर माझी आई गेली. पुतणीच्या डोक्यावर तेव्हा कुठल्याशा गेमची तारीख होती. आजीच्या तेरवीला ती सकाळच्या विमानाने आली आणि पंगत बसली असताना मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. फोटोला हार घालतानाही कानात हेडफोन होता. सहा आठवडे रोज रात्री दोनपर्यंत काम, जादा तासांचा एक पैसा नाही. पाठीवर नागीण निघाली तेव्हा कुठे सुटी मिळाली.

या धंद्यात याला ‘क्रंच’ म्हणतात. २०१८ मध्ये रॉकस्टारच्याच ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ च्या वेळी आठवड्याला १०० तास कामाचा उल्लेख सहसंस्थापकाच्या मुलाखतीत आला आणि जगभर वाद झाला. ते लेखकांच्या छोट्या चमूपुरतं होतं, असा खुलासा नंतर झाला. ‘सायबरपंक २०७७’ हा दुसऱ्या कंपनीचा गेम २०२० मध्ये तीनदा पुढे ढकलला, तरी १० डिसेंबरला आला तो अर्धाकच्चाच. आठवडाभरातच प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. म्हणजे नुसती तारीख लांबवून भागत नाही, वाढलेले महिने काम करणाऱ्यांच्या वाट्याला यायला हवेत. रॉकस्टारचा भारतातला स्टुडिओही बेंगळुरूतच आहे. १९९७ पासूनची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही तिथली गेम कंपनी त्यांनी २०१९ मध्ये विकत घेतली. तेव्हा या शिव्या आपल्याच पोरापोरींच्या कानावर जातात.

आपल्याला एक विनंती आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स (सिनेमातली संगणकावर केलेली दृश्यं) आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. विदर्भातली मुलं या धंद्यात जरूर जावीत. पण सरकारी सवलत घेणाऱ्या स्टुडिओला जादा तासांचा मोबदला आणि आठवड्याची सुटी बंधनकारक करा, ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी. हिवाळी अधिवेशनाला सगळे मंत्री नागपुरातच असतात. पुतणीही डिसेंबरात येते आहे. आपल्या बातमीदाराला वेळ असेल तर ती बोलायला तयार आहे. कामाच्या तासांबद्दल बोलू नये असं करारात कुठेही नाही, तिने तो पुन्हा वाचून पाहिला आहे.

आपला,
एक गेमिंग पार्लरचालक
नंदनवन, नागपूर