‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’

प्रिय निनाद,

अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आपटला. सईला बाळंत होऊन ८ महिने झाले, अजून तिचं ओटीपोट दुखतं, ती कठडा धरून जिना चढते आणि तू म्हणतोस, "सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, आता आणखी काय करू?" मागून तिचा आवाज आला, "जाऊ दे ना." तुझ्या बोलण्यापेक्षा ते ‘जाऊ दे ना’ मला जास्त लागलं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते.

सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, अंडाशय दिसतात, गाठ असेल तर दिसते. आवळून बसलेला स्नायू, चिमटलेली नस, अंगावर भार आला की दुखणारा सांधा हे त्या तपासणीत शोधतच नाहीत. रिपोर्ट खोटा नाही. तो या दुखण्याबद्दल काही सांगत नाही, एवढंच.

तेव्हा आधी तिला विचार, नेमकं कुठे आणि काय करताना दुखतं? उलटतपासणी नको. शांतपणे विचार आणि लिहून ठेव.

एका पायावर उभं राहून पँट घालताना, कुशीवर वळताना, गाडीतून उतरताना कळ येत असेल, पुढे मधोमध किंवा मागे कमरेच्या खळीशी, तर बहुधा सांध्यांचं आहे. पुढच्या, म्हणजे ओटीपोटाखाली मधोमध असलेल्या सांध्यात एरवी ४-५ मिलिमीटर फट असते, गरोदरपणात ती आणखी २-३ मिलिमीटर वाढते. १० च्या वर गेली तर सांधा फाकला म्हणतात. पण फट मोठी म्हणून दुखणं मोठं, असा हिशोब नसतो. घरी एक करून बघ. तिला उताणं झोपव आणि गुडघा न वाकवता एक पाय २० सेंटिमीटर उचलायला सांग. पाय जड वाटला तर तुझे तळहात तिच्या कमरेखाली दोन्ही बाजूंच्या हाडांवर ठेव, आतल्या बाजूला दाब आणि पुन्हा उचलायला सांग. आता हलका वाटला तर सांधे आवळून धरणाऱ्या पट्ट्याचा उपयोग होण्यासारखा आहे. पट्टा पोटावर बांधायचा नाही, खुब्यांच्या पातळीवर बांधायचा, आणि झोपताना काढायचा. कूस बदलताना गुडघे जुळवून, मध्ये उशी धरून सगळं अंग एकदम वळवायचं. गाडीत आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे.

बसल्यावर जळजळ होते, उभं राहिलं की कमी होते, कमोडवर मात्र बसवतं, असं असेल तर प्युडेंडल, म्हणजे मांड्यांच्या मधल्या भागाला जाणाऱ्या नसेचा विचार करावा लागतो. उठताना अगदी टोकाला चमक येत असेल तर माकडहाड. त्याला मागे खाच असलेली उशी घ्या, भोकाची गोल रिंग नको. दिवसभर उभं राहून संध्याकाळी ओटीपोट जड होतं आणि आडवं झालं की उतरतं, तर आतल्या शिरा फुगलेल्या असू शकतात. झोपवून केलेल्या सोनोग्राफीत त्या निसटतात, हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नकोस.

तू तिला ॲपवरून केगेल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, करायला लावतोस ना, ते आजच थांबवा. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली ते व्यायाम मांडले ते सैल पडलेल्या स्नायूंसाठी. सईची लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला कुंथावं लागतं. हे सगळं तुझ्या ताईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. ही लक्षणं आवळलेल्या स्नायूची वाटतात. दुखतं म्हणून तो आवळतो, आणि आवळला की आणखी दुखतो. त्याला पिळून काय होणार? उताणं झोपायचं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या (ती निळी चालेल). नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत, बरगड्या बाजूंना फुगू द्यायच्या, मग ६ मोजेपर्यंत बाहेर. श्वास आत जाताना खालचा भाग आपोआप सैल उतरतो. ढकलायचं नाही. ५ मिनिटं, दिवसातून २-३ वेळा. शौचाला बसताना पायाखाली पाट घ्यायचा, गुडघे कमरेच्या वर हवेत.

आणि बाळंतपणातले टाके. आईने मुलाला हे लिहावं का, कळत नाही, पण लिहिते. व्रण वरून भरला तरी आत चिकटून राहू शकतो. डॉक्टरांनी भरलाय म्हटल्यावर, नखं कापून, बिनवासाचं तेल लावून अंगठा योनीत २-३ सेंटिमीटर आत, खाली गुदद्वाराच्या दिशेने हलका दाब, अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग चंद्रकोरीसारखं इकडून तिकडे. सगळं मिळून ५ मिनिटं. दुखणं १० पैकी ३ च्या वर गेलं तर दाब कमी करायचा. तिने स्वतः करावं, तू तिने सांगितलं तरच. तेल असताना निरोध वापरू नका, रबर फाटतं. ती अंगावर पाजतेय, त्याने इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी राहतं, आतली त्वचा कोरडी आणि पातळ होते. त्यावर लावायचं मलम डॉक्टर देऊ शकतात. ती तुला टाळत नाहीये रे.

झालं, पुन्हा भाषण. माफ कर. रात्रीचे लंगोट तू बदलतोस, ताईने तेही सांगितलं. मला किती बरं वाटलं ते तुला लिहिणार नव्हते.

तुझं मनगट आठवतं? पहिल्या एक्स-रेत काही नव्हतं. तू तोंड मिटून डाव्या हाताने लिहीत राहिलास. १२ दिवसांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा रेघ दिसली. मधले दिवस तू ‘बरं आहे’ म्हणत होतास, कारण आम्ही विचारणं सोडलं होतं. सई आता तेच म्हणायला लागली आहे. मला दुखण्याची एवढी भीती वाटत नाही, तिच्या गप्प बसण्याची वाटते.

ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोध. ती एका बोटाने आतून तपासेल, आधी विचारून, आणि सई ‘थांबा’ म्हणाली की थांबेल. हे सईला आधीच सांग. मात्र ताप, घाण वासाचा स्राव, लघवी अडणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि तिथे तिच्या वतीने तू उत्तरं देऊ नकोस. तुला सवय आहे.

रविवारी फोन करीन. तिच्या हातात दे आणि बाळाला घेऊन जरा बाहेर जा.

तुझी,
आई