उगवण कमी आली की दोष ‘जीएम’चा?

मा. संपादक,
स. न.

पऱ्हे (धानाची रोपे) विरळ आले की ‘जीएम (जनुकात बदल केलेले) बियाणे माथी मारले’ ही ओरड पूर्व विदर्भात आता नेहमीची झाली आहे. वास्तविक जीएम म्हणून आपल्या शेतकऱ्याच्या शेतात कायदेशीरपणे पोचलेले पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. जीएम धान, गहू, ज्वारी, मका यांपैकी कशालाच लागवडीची परवानगी नाही. ‘टर्मिनेटर’ (ज्याच्या पिकाचे बी पुन्हा उगवत नाही असे) बियाणे तर बाजारात कधी आलेच नाही, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानुसार तसे वाण नोंदवताही येत नाही.

म्हणून जनुकातल्या बदलाचा उगवणीशी संबंधच नाही, असे मात्र नव्हे. दाण्यातला बहुतांश स्फुरद (फॉस्फरस) फायटिक आम्लाच्या रूपात साठलेला असतो. हे आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवते, म्हणून ते कमी केलेले धान्य खाणाऱ्याला चांगले. पण कोंबाची पहिली शिदोरी तीच! असे आम्ल कमी केलेल्या मक्याच्या आणि जवाच्या वाणांत उगवण घटल्याचे दिसले आहे.

दुसरी बाब सुप्तावस्थेची, म्हणजे बी न उगवता झोपून राहण्याची. ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक बीज झोपवते, जिबरेलिन हे दुसरे जागे करते. मग अमायलेज विकर पिठाची साखर करते. सुप्तावस्था अपुरी असेल तर कडपा (कापून शेतात पसरलेले पीक) पावसात सापडल्या की लोंबीवरच कोंब फुटतात. जपानमध्ये २०१९ साली गव्हातल्या एका जनुकाच्या तिन्ही प्रती बंद करून ही झोप लांबवली गेली. कापणीला ते सोयीचे, पण ताजे बी लगेच पेरले तर ते अडून बसणार.

मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘कमला’ (डीआरआर धान १००) या जनुक-संपादित (पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेल्या) धानाच्या वाणाकडे याच नजरेने पाहायला हवे. यात परके जनुक नाही, त्यामुळे २०२२ च्या आदेशाने असे वाण जीएमच्या कडक नियमांतून सुटले. ज्या वाणापासून ते तयार केले त्या सांबा मसुरीपेक्षा ते सुमारे २० दिवस आधी निघते. पाणी वाचेल हे खरे, पण आपल्याकडे लवकर कापणी म्हणजे परतीच्या पावसाशी गाठ. तेव्हा या वाणाचे ताजे बी किती दिवस सुप्त राहते, हे पिशवीवर नाही तरी निदान माहितीपत्रकात छापावे.

तोवर शंका असेल त्याने घरीच तपासावे. सरसकट घेतलेले १०० दाणे (निवडक टपोरे नव्हे) ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी. गोणपाट ओलसर हवे, निथळते नको. पाणी साचले की बी गुदमरून कुजते. धान चौदाव्या दिवशी मोजावे, ज्वारी दहाव्या, गहू आठव्या. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तेच दाणे धरायचे. प्रमाणित बियाण्याला धानात किमान ८०, गव्हात ८५ आणि ज्वारीत ७५ टक्के उगवण लागते. आकडा कमी आला तर आधी साठवण पाहावी: धान १३ टक्क्यांहून जास्त ओलाव्यावर भरले की उन्हाळाभरात त्याचा जोम जातो. पावती, लेबल आणि थोडे बी जपून ठेवावे, नाहीतर तक्रार टिकत नाही.

– एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा