‘पुढे काय येईल?’ एवढेच विचारून भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या की पहिली-दुसरीच्या गणिताच्या टाचणात (पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदीत) ‘आकृतिबंध’, म्हणजे ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येणारी रचना, हा घटक येतो आणि बहुतेक वर्गांत एक-दोन तासांत उरकला जातो. फळ्यावर त्रिकोण, गोल, त्रिकोण, गोल काढायचे, ‘पुढे काय येईल?’ विचारायचे, मुले एका सुरात ‘त्रिकोण!’ म्हणतात, घटक संपला. माझी कळकळीची तक्रार याच घाईबद्दल आहे.

एकाआड एक सांगता आले म्हणजे आकृतिबंध कळला, असे नाही. चिंचोका, मणी, मणी हा गट सलग तीनदा मांडून ती रांग मुलाला पुढे न्यायला सांगा. आधी फक्त एकाआड एकच पाहिलेली मुले चिंचोका, मणी, चिंचोका, मणी अशी सुटतात. रांग मुद्दाम गटाच्या मध्येच, म्हणजे चिंचोका, मणी इथे तोडली, तर कित्येक मुले राहिलेला मणी न ठेवता पुन्हा चिंचोक्यापासून सुरुवात करतात. म्हणून विचारायचा खरा प्रश्न आहे, ‘पुन्हा पुन्हा काय येतंय?’ प्रत्येक गटानंतर मुलालाच काडी ठेवू द्यावी. मग तीच रांग टाळी, चुटकी, चुटकी अशी वाजवायला सांगावी. ‘बाई, हे तर तेच आहे!’ असे मूल आपणहून म्हणाले, की समजावे, त्याला कळले. मधला एक मणी गुपचूप बदलून चूक शोधायला लावणे हाही उत्तम पाठ आहे. आणि रांग दोनच गटांची ठेवू नये, तेवढ्यावरून नियम पक्का होत नाही.

इथेच गुणाकाराचे बी आहे. तीन-तीनचे सहा गट म्हणजे अठरा; मग एकोणिसावा चिंचोका आणि विसावा मणी, हे दुसरी-तिसरीचे मूल रांग न मांडताही सांगू शकते. आज मंगळवार, तर दहा दिवसांनी कोणता वार, हेही त्याच वाटेचे गणित आहे.

सोलापुरात तर यासाठी साहित्य विकत आणायला नको. घरातली जुनी चादर वर्गात अंथरा आणि नक्षीचा एक तुकडा कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो, ते मुलांना बोटाने दाखवू द्या. शहराच्या पूर्वभागातल्या अनेक मुलांच्या घरी किंवा शेजारी माग आहेत. जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची साखळी फिरते, एकेक कार्ड आडव्या धाग्याच्या एकेका ओळीची नक्षी ठरवते आणि साखळीचा फेरा पूर्ण झाला की नक्षी पहिल्यापासून सुरू होते. विणकर पालकाला तासभर वर्गात बोलवावे, हे समजावायला त्याच्याइतका जाणकार कोण मिळणार? (रांगोळीही आणावी, पण तिच्यात बहुधा दोन्ही बाजू सारख्या असतात, तो वेगळा धडा आहे, दोन्हींची सरमिसळ नको.)

आणखी एक. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले पहिलीत मराठी शब्दांपाशी अडतात आणि शाब्दिक उदाहरणांत मागे पडतात. मणी मांडताना मात्र ती कुणाच्याही मागे नसतात. त्यांना गणितात पहिली शाबासकी इथेच मिळू शकते, म्हणून तरी या घटकाला निदान आठवडाभर द्यावा.

केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) शिक्षकांच्या येत्या शिक्षण परिषदेत या घटकाचे एकत्र टाचण करायला घ्यावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सोलापूर